घरातील जादा दिवा : जोडणी, सुरक्षितता व वर्गपाठ

घर बांधतेवेळी केलेली दिव्यांची योजना फार वर्षे पुरत नाही. मूल अभ्यासाला बसू लागले की त्याच्या कोपऱ्यात स्वतंत्र दिवा हवा असतो. स्वयंपाक करणाऱ्याची सावली ओट्यावरच पडते, म्हणून तेथे दुसऱ्या दिव्याची गरज भासते. पडवीत, न्हाणीघराच्या वाटेवर, गोठ्याच्या दाराशी उजेड नसला की पावसाळ्यात विंचूकाट्याचे भय वाटते. अशा वेळी “एक दिवाच तर ओढायचा आहे” असे म्हणून घरातील कोणी हौशी मनुष्य चालू दिव्याच्या तारेला दोन तारा गुंडाळतो, त्यांवर चिकटपट्टी लावतो आणि काम झाले असे समजतो. दिवा लागतो, परंतु दिवा लागणे म्हणजे काम नीट होणे नव्हे. चुकीच्या जोडणीनेही दिवा लागतो, किंबहुना म्हणूनच ती चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्राथमिक शिक्षकांसाठी असलेल्या या पुस्तिकेत हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, शाळेच्या इमारतीतील वीजजोडणी सुरक्षित ठेवण्याची काळजी मुख्याध्यापकांस वाहावी लागते. दुसरे असे की, खेड्यात आजही अनेक पालक अशा बाबतीत गुरुजींचा किंवा बाईंचा सल्ला घेतात. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण असे की, विद्युत् परिपथ हा पाठ आपण पुस्तकातील आकृतीवरून शिकवतो. पण त्याच पाठाचे जिवंत उदाहरण प्रत्येक मुलाच्या घरात छताला टांगलेले असते. त्या उदाहरणाकडे पाहण्याची दृष्टी मुलांना लाभली, तर पाठ समजेल आणि प्रसंगी एखादा जीवही वाचेल.

काम कोणी करावे?

प्रथम कायद्याची बाजू स्पष्ट करणे इष्ट. जळालेला दिवा बदलणे, त्याच प्रकारचा फ्यूज किंवा बटण बदलणे यांसारखी किरकोळ कामे वगळता, घरातील वीजजोडणीत भर घालणे वा फेरफार करणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, अर्हताप्राप्त वायरमनच्या हातून व देखरेखीखालीच व्हावे, असा दंडक आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ही तरतूद होती. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि त्यानंतर २०२३ साली केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतही ती कायम राहिली. नवा दिवा बसविणे ही भरच होय. यास्तव या लेखाचा हेतू वाचकाने स्वतः पक्कड हाती घ्यावी असा नाही. वायरमन जे काम करतो ते समजावे, त्यास योग्य प्रश्न विचारता यावेत आणि झालेले काम पारखून घेता यावे, एवढाच तो आहे. डॉक्टर औषध देतो म्हणून आरोग्यशास्त्र शिकणे आपण व्यर्थ मानत नाही. तसेच हे आहे.

विजेचा फेरा

आपल्या घरी येणारा वीजपुरवठा सामान्यतः २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्झ वारंवारतेचा असतो. घरात दोन तारा येतात. एक सजीव तार, जिला वायरमन ‘फेज’ म्हणतात. दुसरी तटस्थ तार, म्हणजे ‘न्यूट्रल’. घरातील तिसरी तार भूसंपर्काची, म्हणजे ‘अर्थिंग’ची होय. आपल्याकडील प्रचलित जोडणीत फेजची तार लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलची काळी आणि अर्थिंगची हिरवी (अथवा हिरवी-पिवळी) असते. तथापि केवळ रंगावर विसंबून तारेस हात लावू नये. जुन्या घरांत हाती लागेल त्या रंगाची तार वापरलेली आढळते.

प्रवाह वाहण्यासाठी परिपथ पूर्ण व्हावा लागतो. फेजकडून आलेला प्रवाह दिव्यातून जाऊन न्यूट्रलवाटे रोहित्राकडे परततो, तेव्हा दिवा उजळतो. आता येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. रोहित्रापाशी न्यूट्रल जमिनीशी जोडलेली असते. परिणामी फेजची तार आणि आपल्या पायांखालची जमीन यांमध्येही तोच २३० व्होल्टचा दाब असतो. मनुष्य जमिनीवर उभा राहून फेजला स्पर्श करतो, तेव्हा त्याला दुसऱ्या तारेस हात लावावा लागत नाही. त्याचे शरीर व खालची जमीन मिळून परिपथ पूर्ण करतात. तारेवर बसलेल्या पाखराला धक्का बसत नाही आणि ओल्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाला बसतो, याचे कारण हेच.

नवा दिवा कोठे जोडावा?

एका दिव्यातून निघालेली तार दुसऱ्या दिव्यात व तेथून पुढे, अशी माळ करून दिवे जोडले तर ती एकसर जोडणी झाली. या जोडणीत उपलब्ध दाब दोन्ही दिव्यांत वाटला जातो. पूर्वीचे तंतूचे दोन सारखे दिवे असे जोडल्यास प्रत्येकाच्या वाट्यास ११५ व्होल्ट येत, दोन्ही मंद जळत, आणि एक गेला की दुसराही विझे. म्हणून घरातील दिवे एकसर जोडत नाहीत. प्रत्येक दिव्याचे एक टोक फेजकडे व दुसरे न्यूट्रलकडे, अशी स्वतंत्र वाट प्रत्येकास दिली जाते. ही समांतर जोडणी होय. प्रत्येक दिव्यास पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि एक बंद केल्याने दुसऱ्याचे काही बिघडत नाही. नवा दिवा जोडणे म्हणजे या शिडीला आणखी एक पायरी बसविणे होय.

ही पायरी मात्र एकाच शिडीची असली पाहिजे. नव्या दिव्याची फेज ज्या परिपथातून घेतली, त्याच परिपथाची न्यूट्रल त्यास जोडावी. माजघराच्या बोर्डातून फेज आणि स्वयंपाकघराच्या बोर्डातून न्यूट्रल, अशी उसनवारी जवळच्या वाटेच्या लोभाने केली जाते. दिवा तिनेही लागतो. पण पुढे दुरुस्तीसाठी एका खोलीचा पुरवठा बंद केला, तरी त्या खोलीच्या न्यूट्रलमधून दुसऱ्या खोलीचा प्रवाह वाहत राहतो आणि काम करणारा निश्चिंत मनाने ती तार सोडवू पाहतो. याहून घातक प्रकार म्हणजे न्यूट्रलऐवजी जमिनीत ठोकलेल्या सळईचा वापर करणे. असा दिवा लागलेला असताना सळई व तिच्याभोवतीची ओली जमीन यांत दाब उत्पन्न होऊ शकतो. तेथे खेळणारे मूल किंवा बांधलेले जनावर यांस तो प्राणघातक ठरू शकतो.

बटणाची जागा

बटण नेहमी फेजच्या तारेवरच असले पाहिजे. फेज प्रथम बटणाकडे येते, बटणाकडून निघालेली तार दिव्याकडे जाते आणि न्यूट्रल मात्र परस्पर दिव्याकडे येते. हा नियम सर्व वायरमनांना ठाऊक असतो. हौशी माणसाला नसतो. बटण न्यूट्रलवर बसविले तरी दिवा नेमका तसाच लागतो आणि विझतो. भेद एवढाच की, दिवा विझल्यावरही होल्डरपर्यंत फेज जिवंत राहते. “बटण बंद आहे” या विश्वासाने दिवा बदलण्यास गेलेला मनुष्य प्रत्यक्षात २३० व्होल्टच्या तारेशी खेळत असतो. बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा अंधारात मंद चमकत राहिला, तर ते अशा उलट जोडणीचे एक लक्षण असू शकते. त्यास इतरही कारणे असतात. परंतु तसे दिसताच तपासणी करून घ्यावी.

या संबंधात शाळाभेटीतील एक अनुभव नमूद करतो. पावसाळ्याचे दिवस होते. एका द्विशिक्षकी शाळेत दुसरीच्या मुलांनी सांगितले की, “आमची खिडकी चावते.” मोठ्यांनी ते हसण्यावारी नेले होते. चौकशी करता असे दिसले की, वर्गाच्या अंधाऱ्या कोपऱ्यासाठी गावातील एकाने सद्हेतूने जादा दिवा ओढून दिला होता. त्याच्या पिळलेल्या दोन तारा खिडकीच्या लोखंडी गजावरून नेल्या होत्या. मुख्याध्यापकांनी तत्काळ मेन बंद केले, मुलांना दुसऱ्या वर्गात हलविले आणि परवानाधारक वायरमनला बोलाविले. तपासणीत दोन दोष निघाले. गजावर घासून तारेचे वेष्टन झिजले होते आणि बटण न्यूट्रलवर होते. म्हणून दिवा दिवसभर बंद असतानाही गजात विद्युत् उतरत होती. भिंत कोरडी असताना झिणझिण्याही येत नसत. पावसाने ओल आली तेव्हा खिडकी ‘चावू’ लागली. मुलांचे निरीक्षण अचूक होते. त्यांच्यापाशी फक्त शास्त्रीय शब्द नव्हता. मुलाने अशी तक्रार केली, तर आधी मेन बंद करावे आणि मग ती खरी की खोटी याचा विचार करावा, असा दंडक प्रत्येक शाळेने पाळणे अवश्य आहे.

भार व तारेची जाडी

प्रवाह म्हणजे वॅट भागिले व्होल्ट, हा हिशेब सातवीच्या मुलासही जमतो. ९ वॅटचा एलईडी दिवा २३० व्होल्टवर ढोबळमानाने ०.०४ अँपिअर प्रवाह घेतो. पूर्वीचा ६० वॅटचा तंतुदीप ०.२६ अँपिअर घेत असे. ७५ वॅटचा पंखा सुमारे ०.३३ अँपिअर घेतो; तर पाणी तापविण्याची १,५०० वॅटची कांडी सुमारे ६.५ अँपिअर घेते, म्हणजे पंख्याच्या वीसपट. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे त्याच तारेतून पंख्याऐवजी कांडी चालविल्यास तार चारशेपट तापते. यावरून ध्यानात येईल की, जादा दिव्याच्या भाराचे भय फारसे नाही. भय आहे ते त्या दिव्याबरोबर “असू द्यावे” म्हणून बसविलेल्या प्लगच्या जागेचे. दिव्याच्या बारीक तारेवर पुढे कोणीतरी इस्त्री किंवा कांडी लावतो आणि वेष्टन वितळू लागते. अशा उपकरणांसाठी १६ अँपिअरचे सॉकेट, जाड तार आणि स्वतंत्र परिपथ असला पाहिजे.

भारतीय मानकानुसार दिवे व पंख्यांच्या एका परिपथावर दहापेक्षा अधिक जोडबिंदू असू नयेत व एकूण भार ८०० वॅटच्या वर जाऊ नये, असा संकेत आहे. नवा दिवा जोडण्यापूर्वी त्या परिपथावरील दिवे, पंखे व प्लग मोजून पाहावेत. दिव्यांच्या जोडणीसाठी १.५ चौरस मिलिमीटर छेदाची, भारतीय मानक चिन्ह असलेली तांब्याची तार सर्वसाधारणपणे वापरतात. चिन्ह नसलेल्या स्वस्त तारेत तांबे कमी व वेष्टन निकृष्ट असण्याचा संभव असतो. तार भिंतीच्या आत राहणार आणि आपल्या मुलांच्या हयातीत तेथेच असणार, हे लक्षात घेता तेथे काटकसर करू नये.

खर्चाचा हिशेबही मुलांकडून करवून घेण्याजोगा आहे. ९ वॅटचा दिवा रोज चार तास जाळल्यास तीस दिवसांत १.०८ युनिट वीज लागते. ६० वॅटच्या तंतुदीपास ७.२ युनिट लागत. हा फरक ज्या निळ्या प्रकाशदायी डायोडमुळे शक्य झाला, त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हेही प्रसंगाने सांगावे.

तीन रक्षक

घरातील वीजजोडणीचे रक्षण तिघे करतात आणि तिघांची कामे वेगळी आहेत. त्यांची गल्लत होते म्हणून येथे क्रमाने सांगतो.

पहिला रक्षक फ्यूज किंवा एमसीबी. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की तो परिपथ तोडतो. हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. ओल्या त्वचेच्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळपणे १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबाने त्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. ६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह एका जुन्या दिव्याएवढाच आहे. तो जागचा हलणारही नाही. परंतु माणसाचे हृदय बंद पाडण्यास तेवढा प्रवाह पुरेसा आहे. एक दिवा उजळणारा प्रवाह एक माणूस विझवू शकतो, ही गोष्ट प्रत्येकाच्या मनावर ठसली पाहिजे. कटआऊटमधील तार वारंवार जळते म्हणून तेथे जाड तार घालणे हे या पहिल्या रक्षकासही निकामी करण्यासारखे आहे.

दुसरा रक्षक अर्थिंग. उपकरणाच्या धातूच्या आवरणात फेज उतरली, तर अर्थिंगची तार तिला जमिनीकडे जाण्यास सोपी वाट देते. त्यामुळे मोठा प्रवाह वाहून एमसीबी पडतो. धातूचा दिवा, धातूचा स्विचबोर्ड, पंखा यांना हिरवी तार जोडलेली असलीच पाहिजे. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला वा तार गंजून तुटली, तरी घरातील एकही दिवा विझत नाही. म्हणून तिची मुद्दाम तपासणी करून घ्यावी लागते.

तिसरा रक्षक आरसीसीबी. फेजने जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. हे यंत्र या दोहोंची सतत तुलना करते. मध्ये कोठे माणसाच्या शरीरातून वा ओल्या भिंतीतून प्रवाह जमिनीत गळू लागला की जमा-खर्चात तफावत पडते आणि यंत्र क्षणार्धात पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर तफावतीवर चालणारे आरसीसीबी घ्यावे. वरील ०.२३ अँपिअरशी ही संख्या ताडून पाहिली म्हणजे त्याचे महत्त्व पटेल. त्यावर चाचणीचे एक बटण असते. ते अधूनमधून दाबून यंत्र पडते की नाही हे पाहावे. जादा दिवा बसविण्याच्या निमित्ताने घरात हे यंत्र बसवून घेतले, तर तो खर्च सत्कारणी लागला असे म्हणता येईल.

कामाचा क्रम

वायरमनने करावयाच्या कामाचा क्रम गृहस्थाला माहीत असल्यास देखरेख सोपी जाते. प्रथम दिव्याची व बटणाची जागा ठरवावी. बटण दाराजवळ, मोठ्यांच्या हाताशी व न्हाणीघराच्या शिंतोड्यांपासून दूर असावे. तारेचा मार्ग भिंतीवरून सरळ उभा व सरळ आडवा असावा, तिरपा नसावा. कारण पुढे खिळा ठोकणाऱ्याला आतील तारेचा अंदाज त्यावरूनच करता येतो. तार पाईपातून किंवा केसिंग पट्टीतून न्यावी. पत्र्यावरून, गजावरून वा उघड्या खिळ्यावरून कदापि नेऊ नये.

त्यानंतर मेन बंद करावे आणि मेनपाशी ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी किंवा एक जबाबदार मनुष्य उभा करावा. इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. मेन बंद असतानाही त्याच्याकडून बोर्डात वीज येत असते. टेस्टर प्रथम चालू असलेल्या ठिकाणी लावून पाहावा, मग कामाच्या ठिकाणी, आणि पुन्हा चालू ठिकाणी. मधल्या वेळी टेस्टर लागला नाही तो वीज नाही म्हणून, की टेस्टरच बिघडला म्हणून, हे याशिवाय कळत नाही.

पुढे फेज बटणाकडे, बटणाकडून दिव्याकडे, न्यूट्रल परस्पर दिव्याकडे आणि हिरवी तार धातूच्या भागाकडे, अशी जोडणी करावी. सांधे जंक्शन बॉक्समध्ये अथवा बटण व सीलिंग रोझच्या स्क्रूखालीच असावेत. पाईपाच्या मध्यभागी सांधा नसावा. सैल सांधा तापतो आणि आगीचा प्रारंभ बहुधा तेथेच होतो. दिव्याचा भार तारेच्या सांध्यावर पडू न देता होल्डर वा हुकावर पडावा. काम संपल्यावर वेष्टनाचा रोध मेगरने मोजावा. तो १ मेगओहमपेक्षा कमी असू नये. शेवटी मेन चालू करून बटण बंद असताना होल्डरमध्ये फेज नाही याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी आणि आरसीसीबीचे चाचणी-बटण दाबून पाहावे.

वर्गपाठ

हा पाठ सहावी-सातवीच्या वर्गात दोन तासिकांत घेता येईल. साहित्य अगदी थोडे लागते : १.५ व्होल्टचे दोन सेल, बॅटरीचे दोन लहान दिवे, वेष्टनाच्या तारेचे तुकडे, पुठ्ठा, दोन टाचण्या व एक सेफ्टी पिन. पुठ्ठ्यावर सेफ्टी पिन व टाचण्या लावल्या की उत्तम बटण तयार होते. प्रयोगापूर्वी मुलांकडून एक वाक्य वदवून घ्यावे : हा प्रयोग सेलवरच करावयाचा, भिंतीच्या प्लगमध्ये तार, पिन किंवा खिळा कधीही घालावयाचा नाही. सेलचा ३ व्होल्ट दाब निरुपद्रवी आहे आणि घरातील दाब त्याच्या शहात्तरपटींहून अधिक आहे, हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा.

पहिल्या तासिकेत मुलांनी एक दिवा व बटण जोडावे. मग शिक्षकांनी प्रश्न टाकावा : “आता याच घरात दुसरा दिवा हवा आहे, कसा जोडाल?” उत्तर सांगू नये. बहुतेक गट प्रथम माळ करून जोडतील आणि दोन्ही दिवे मंद झालेले पाहतील. एक दिवा काढण्यास सांगावे, दुसराही विझेल. “असे घर आपल्याला चालेल काय?” हा प्रश्न विचारला की मुले आपण होऊन दुसरी रीत शोधू लागतात. समांतर जोडणी सापडल्यावर होणारा त्यांचा आनंद हा शिक्षकाने केलेल्या स्पष्टीकरणाने कधीच मिळत नाही.

दुसऱ्या तासिकेत बटणाची जागा बदलून पाहावी. बटण कोणत्याही तारेवर असले तरी सेलचा दिवा सारखाच लागतो, हे मुले सांगतील. येथेच थांबून घरातील जोडणीत फरक का पडतो, न्यूट्रल व जमीन यांचे नाते काय, हे आकृतीने समजावून द्यावे. गृहपाठ म्हणून मुलांनी घरातील दिवे, पंखे व प्लग मोजून त्यांचे वॅट लिहून आणावेत. लांबूनच पाहावे, हात लावू नये, अशी सूचना द्यावी. उघडी तार, फुटलेले बटण, पत्र्याला टेकलेली तार दिसल्यास तीही नोंदवावी. कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी तार बांधली आहे काय, हे अवश्य पाहावयास सांगावे. ही तार वीज आणणाऱ्या तारेच्या आधाराला, खांबाला किंवा पत्र्याला बांधलेली असली तर पावसात तिच्यात वीज उतरू शकते, आणि ओले कपडे हातात घेऊन ओल्या जमिनीवर उभी असलेली आई तिला स्पर्श करते. एक नायलॉनची दोरी हा धोका टाळते. मुलाने हा एक बदल घरात घडवून आणला, तरी पाठ यशस्वी झाला असे मानावे.

अपघात झाल्यास

विजेचा धक्का बसून माणूस तारेस चिकटला असेल, तर त्यास हाताने ओढू नये, ओढणाराही चिकटतो. प्रथम मेन बंद करावे. ते शक्य नसेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्यास तारेपासून दूर करावे. हा उपाय घरातील जोडणीपुरताच आहे. रस्त्यावर वा शेतात तुटून पडलेल्या तारेजवळ मुळीच जाऊ नये, इतरांनाही जाऊ देऊ नये आणि १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीस कळवावे. रुग्ण शुद्धीवर नसेल व त्याचा श्वास चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास एकास सांगून दुसऱ्याने ताबडतोब छातीच्या मध्यभागी जोराने दाब देण्यास आरंभ करावा. गती मिनिटास १०० ते १२० असावी. कृत्रिम श्वास देण्याचे शिक्षण झालेले असल्यास तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. मदत येईपर्यंत थांबू नये. शुद्धीवर असलेल्या रुग्णासही डॉक्टरांना दाखवावे; धक्क्याचा हृदयावरील परिणाम बाहेरून दिसत नाही.

शिक्षकांस विनंती

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेने परवानाधारक वायरमनकडून आपली वीजजोडणी तपासून घ्यावी, मेन स्विचची जागा सर्व शिक्षकांस व वरच्या वर्गांतील मुलांस दाखवून ठेवावी आणि तपासणीचा दिनांक शाळेच्या नोंदवहीत लिहावा. गावसभेत वा पालकसभेत या विषयास दहा मिनिटे द्यावीत. महाराष्ट्रात १९१५ साली खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, तेव्हा वीज ही नवलाची वस्तू होती. आज ती वाडीवस्तीवरील घरातही आली आहे. परंतु तिच्याविषयीचे ज्ञान मात्र तितक्या घरांत पोहोचलेले नाही. ते पोहोचविण्याचे काम शाळेचे आहे. अभ्यासाच्या कोपऱ्यात मुलासाठी दिवा अवश्य लावावा. तो योग्य माणसाच्या हातून, योग्य तारेने आणि योग्य जागी लावावा, एवढेच सांगणे आहे.